पुढची काच गळते, डॅशबोर्ड फुगतो, काटे नाचतात : जुन्या स्पोर्ट्स गाडीत आधी काय बघायचं

आधी लक्षणं. पाऊस पडून गेला की डावीकडची मॅट ओली, पण काचेला आतून थेंबाचा मागमूस नाही. सकाळी गाडी उघडली की कुबट वास. काचेवर आतून वाफ धरते आणि कितीही पुसली तरी पुन्हा येते. डॅशबोर्डच्या लाकडावरचं विनियर, म्हणजे वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा पातळ थर, खालच्या कडेने सुटलंय, पॉलिश पांढरं पडलंय. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ उतरलाय. आणि ज्यासाठी लोक खरे घाबरून फोन करतात ते : पेट्रोलचा आणि तपमानाचा, दोन्ही काटे एकदम वर चढतात. टाकीत पाच लिटर, काटा म्हणतो फुल्ल. इंजिन गार, काटा म्हणतो तापलं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर ती वेगवेगळ्या बिघाडांची नसून बहुतेक एकाच बिघाडाची असतात. पाणी वरून येतं आणि डॅशबोर्डच्या मागे उतरतं. लोक मात्र खालून सुरुवात करतात. मीटर बदलतात, मग लाकूड बदलतात आणि काच सगळ्यात शेवटी. पुढच्या जूनमध्ये नवं लाकूड पुन्हा फुगतं. मीही हेच केलं होतं, म्हणून सांगतोय.

माझी गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३. हे मॉडेल १९६७ ते १९७० या काळात निघालं, १२९६ सीसी इंजिन, दोनच सीट, वर कापडी टप. साताऱ्यात अशी गाडी म्हटल्यावर पोवई नाक्यावर लोक थांबून विचारतात, "ही फियाटची आहे का हो?" मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, हातात पान्हा आणि व्हर्नियर, एवढंच. पण ही गळती मी माझ्या गाडीत तीनदा काढली, सांगलीच्या मित्राच्या हेराल्डमध्ये दोनदा आणि कराडच्या एका जुन्या फियाटमध्ये एकदा. स्पिटफायर आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात जी हेराल्ड बनवली, तिचीच चॅसी आखूड करून ही उभी केली, आणि दोन्हींचा आकार इटलीच्या मिकेलॉत्तीने काढलेला. त्यामुळे हेराल्डवाल्यांनाही खालचं बरंचसं लागू पडेल. काच रबरात बसवलेली असेल अशा कुठल्याही जुन्या गाडीलाही.

हात लावण्याआधी बॅटरीची तार काढा. जी बॉडीला जोडलेली आहे, ती. साठीच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, म्हणून "काळी तार काढा" हा सल्ला इथे चालत नाही. आधी नीट बघा आणि मग काढा. ज्या तपासण्यांना करंट लागतो तिथे मी तसं सांगेन.

पहिलं : पाणी पावसाचं आहे का?

हसू नका. मॅटवरच्या ओलीत बोट बुडवा आणि दोन बोटांत चोळा. चिकट लागलं, गोडसर वास आला, तर ते रेडिएटरचं कूलंट आहे. हीटरच्या नळीतून किंवा हीटरच्या जाळीतूनच गळतंय. मग काचेकडे बघायचंच कारण नाही. पाऊस नसताना, उन्हाळ्यात, यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर मॅट ओली झाली तर हीच शंका धरायची. कराडच्या फियाटमध्ये हेच निघालं. तिच्या मालकाने तोवर काचेभोवती सिलिकॉनच्या दोन नळ्या रिकाम्या केल्या होत्या.

दुसरं : वर्तमानपत्र आणि तांब्या

ही तपासणी फुकटची आहे आणि निम्मं काम हीच करते. मॅट आणि कार्पेट काढून टाका, पत्रा कोरडा पुसा. डॅशबोर्डखाली, दोन्ही बाजूंना, वर्तमानपत्राचे सुटे कागद अंथरा. पाणी ज्या कागदावर पडेल त्याच्या बरोबर वर बघायचं. काचेच्या रबराला आतल्या बाजूने खडूची पूड किंवा टाल्कम पावडर चोळा. पाण्याचा एक थेंब आला तरी पावडरीवर रेघ उठते.

मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतायचं. ओतायला तांब्याच बरा. प्रेशरचा पाईप मारलात तर चांगल्या रबरातूनही पाणी घुसेल आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसाल. सुरुवात खालून करायची : आधी काचेखालचा बॉनेटमागचा पत्रा, मग वायपरची मुळं, मग काचेची खालची कड, मग बाजू आणि सगळ्यात शेवटी वरची कड. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहत खाली येतं आणि कुठला सांधा फुटका ते कळत नाही.

माझ्या वेळी भाची आत बसली होती. मी काचेच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी घालतोय, पक्की खात्री की तिथेच आहे, आणि ती आतून ओरडते, "मामा, तिकडून नाही, वायपरच्या मोटरच्या बाजूने येतंय!" पाणी उजवीकडून शिरून डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या जुडग्यावरून चालत डावीकडे जाऊन पडत होतं. मॅट ओली डावीकडे आणि भोक उजवीकडे.

तिसरं : चिंचेचा पाला

काचेच्या पुढे, आत हवा घेणारी जाळी असते. जाळीखाली पन्हाळीसारखी जागा आणि तिथून पाणी खाली सोडणारी नळी किंवा भोकं. गाडी झाडाखाली उभी असेल तर ही वाट बुजते. आंब्या-फणसाची पानं मोठी, ती जाळीवरच अडतात. चिंच आणि गुलमोहराचा पाला मात्र बारीक, तो सरळ आत जातो आणि भिजून त्याचा चिखल होतो. मग पन्हाळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेने थेट पायाशी येतं. नळीत सायकलच्या ब्रेकची जुनी तार घाला, हळू फिरवा आणि वरून तांब्याभर पाणी ओता. खाली चाकाजवळ धार पडली पाहिजे. एअर गन मारू नका, जुनी नळी सांध्यातून सुटते आणि मग ती बसवायला निम्मा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

स्पिटफायरचा पुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, एकच तुकडा म्हणून पुढे उलटतो. त्यामुळे इथे हात छान पोचतो. बाकीच्यांनी मान वाकडी करायची तयारी ठेवा.

चौथं : वायपरची मुळं

वायपरचे दांडे पत्र्यातून जिथे वर येतात तिथे रबरी वॉशर असतो. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याचा बिस्किटासारखा चुरा होतो. तिथून येणारं पाणी थेट डॅशबोर्डच्या मागे, बरोबर मीटरांच्या डोक्यावर. माझ्या अनुभवात काचेच्या रबराइतकाच दोष या चार आण्याच्या वॉशरचा असतो. नट काढा, जुना वॉशर खरवडा, पत्रा साफ करा, नवा घाला. मूळ भाग मिळाला नाही तर त्याच जाडीच्या रबरी शीटमधून कापून घ्या. पण सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालू नका. उन्हात वर्षभरात तडकतो.

नट आवळताना दांड्याचा कोन बघा. तिरका बसला तर वायपर काचेला नीट टेकत नाही आणि तुम्ही नवी काच ओरबाडून ठेवाल.

कापडी टपाची पुढची पट्टी आणि दाराची रबरंही याच टप्प्यात बघून घ्या. कागदाची पट्टी रबरात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर दाब पुरेसा नाही. यावर जास्त लिहीत नाही, रबर बदलणं हाच त्यावर उपाय.

पाचवं : दोन्ही काटे एकदम चढले तर

इथे जरा थांबतो, कारण या एका गोष्टीपायी लोकांनी चांगली मीटरं भंगारात घातलीयत.

या काळातल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरांत पेट्रोलचा आणि तपमानाचा काटा द्विधातूच्या पट्टीवर चालतो. करंटने पट्टी तापते, वाकते, काटा सरकतो. म्हणूनच तो हळूहळू वर येतो. पण गाडीचं व्होल्टेज इंजिनच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होतं, तसा काटाही हलला असता. म्हणून या दोन मीटरांच्या आधी एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यातही तशीच पट्टी. ती तापली की संपर्क तुटतो, गार झाली की जुळतो. हे सतत चालू-बंद होऊन सरासरी १० व्होल्ट मीटरांना मिळतात.

आता मेख अशी की डबीच्या आतली पट्टी तापवणारी तार डबीच्या पत्र्यातून बॉडीला अर्थ होते, म्हणजे तिचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जातो. पाणी गळून डबीखाली गंज धरला किंवा पेंटरने तिच्याखाली रंग मारून ठेवला, की अर्थ तुटतो. पट्टी तापतच नाही, संपर्क कायमचा जुळलेला राहतो आणि मीटरांना १० ऐवजी बॅटरीचे पूर्ण १२-१३ व्होल्ट जातात. दोन्ही काटे वर. साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, दोन्ही मीटर गेली." दोन्ही मीटर एकाच दिवशी कशी जातील, हा प्रश्न मला चार महिन्यांनी सुचला.

तपासणी अशी. बॅटरी जोडा, किल्ली चालू करा, इंजिन बंद. डबीच्या पत्र्यापासून बॉडीच्या उघड्या पत्र्यावर एक तार टेकवा. मिनिटभरात दोन्ही काटे खाली, खऱ्या जागी आले, तर दोष अर्थचा. स्क्रू काढा, खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, परत बसवा. काम झालं, खर्च शून्य. तरीही काटे चढलेलेच राहिले तर डबी गेली. जुन्या काट्याचं मल्टिमीटर असेल तर डबीतून बाहेर येणारी तार तपासा. काटा सतत हलत राहिला तर डबी जिवंत आहे. डिजिटल मीटरवर आकडे नुसते नाचतात, त्यावरून काही ठरवू नका. नवी इलेक्ट्रॉनिक डबी घेतलीत तर ती सरळ १० व्होल्ट देते, पण ती पॉझिटिव्ह अर्थची की निगेटिव्ह अर्थची हे बघूनच घ्या. उलटी जोडली की जळते.

एकच काटा चुकत असेल तर डबी निर्दोष. तिथे सेंडर, म्हणजे टाकीत किंवा इंजिनवर बसून मीटरला माप पाठवणारा भाग, किंवा त्याची तार बघायची. तपमानाच्या सेंडरवरची तार काढून क्षणभर इंजिनला टेकवा, काटा हळूहळू वर जाऊ लागला की लगेच काढा. काटा हलला म्हणजे मीटर आणि तार ठीक, सेंडर खराब. हीच तपासणी पेट्रोलच्या टाकीपाशी करू नका. तिथे ठिणगी परवडत नाही.

तारांचे रंग लक्षात ठेवले तर डॅशबोर्डमागचं जंगल निम्मं होतं. लुकास ही ब्रिटिश गाड्यांचे इलेक्ट्रिकचे भाग बनवणारी कंपनी, तिच्या पद्धतीत काळी म्हणजे अर्थ. तपकिरी सरळ बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही, म्हणून तिच्याशी खेळ नको. पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू. फिकट हिरवी म्हणजे वरच्या डबीतून मीटरांकडे जाणारी. पण आधीच्या कुठल्या वायरमनने सगळीकडे एकच लाल तार ओढली असेल तर हे रंग विसरा. तसं निघालं तर काय करायचं ते पुढे येतंय.

सहावं : काचेचं रबर

इथून पुढे खर्च आणि धोका, दोन्ही वाढतात. पाण्याच्या तपासणीत काचेच्या कडेनेच पाणी आलं तर रबराचा ओठ नखाने उचलून बघा. मऊ असेल आणि परत जागेवर बसत असेल तर रबर वाचू शकतं. ओठाखाली न वाळणारा सीलंट भरायचा, जो वर्षानुवर्षं लोण्यासारखा मऊ राहतो तो. नळीचं तोंड ओठाखाली सरकवून थोडा-थोडा सोडा, बाहेर आलेला रॉकेलच्या बोळ्याने लगेच पुसा. रबरावर रॉकेल रेंगाळू देऊ नका.

सिलिकॉन नको. बाथरूमला लावतात तो, व्हिनेगरसारखा वास येणारा, तर अजिबात नको. त्यातून सुटणारं आम्ल पत्रा खातं. वरून गळती थांबल्यासारखी वाटते, आत गंज वाढत जातो आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. दुसऱ्यांदा माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीत हा सिलिकॉन सापडला. तीच गळती परत-परत का होते, याचं उत्तर तिथेच असतं.

रबर कडक झालं असेल, कोपऱ्यात चिरा असतील, तर ते बदलायचं. म्हणजे काच काढायची.

सातवं : काच काढताना

काच काढण्याआधी दोन गोष्टी हातात पाहिजेत : नवं रबर आणि दुसरी काच कुठून मिळेल त्याचा पत्ता. या गाडीची काच वळणदार आहे, साध्या दुकानात कापून मिळत नाही. विलायतेहून मागवावी लागते आणि वाटेत फुटूही शकते. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना टफन्ड काच असायची. तिला खडा बसला तर पूर्ण काच एका क्षणात दाणेदार होते आणि समोरचं दिसेनासं होतं. नवी घेताना लॅमिनेटेडच घ्या, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेली. खंबाटकीच्या घाटात पुढच्या ट्रकमधून खडी सांडते तेव्हा याची किंमत कळते.

जुनं रबर वाचवायला जाऊ नका. आधी रबराच्या खाचेतली चकचकीत पट्टी काढा, मग बाहेरचा ओठ धारदार पातीने पूर्ण कापून टाका. मग काच आतून तळव्यांनी हलकी ढकलली की सुटते. बाहेर दुसरा माणूस हातमोजे घालून धरायला हवाच. लॅमिनेटेड काचेचं मर्म तिच्या कडेत असतं. मधोमध ठोसा सोसेल, पण कडेला पेचकस लागला की आज काही दिसत नाही आणि आठ दिवसांनी चीर धावत वर जाते. काढलेली काच सपाट फरशीवर ठेवायची नाही, गादीवर उभी टेकवून ठेवायची.

आता फ्रेम बघा. सगळा निकाल इथेच लागतो. जुना सीलंट खरवडा आणि पेचकसाच्या मुठीने कडेचा पत्रा ठोकत जा. टणटण आवाज येतो तिथे पत्रा शाबूत आहे. थपथप आवाज आला, पापुद्रे निघाले, तर गंज आत गेलाय. वरवरचा गंज असेल तर घासून, गंजरोधक प्रायमर मारून रंग द्या आणि रंग पूर्ण वाळू द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर रबर चिकटतं आणि पुढच्या वेळी रंगासकट निघतं. माझ्या मार्क ३ ला काचेची फ्रेमच बोल्टने बसवलेली आहे आणि तिच्याखाली वेगळी रबरी पट्टी आहे. ती पट्टी गळत असेल तर काचेभोवती काहीही करा, पाणी येणारच. फ्रेम काढता येते हे मला पहिल्या दोन वेळेस माहीतच नव्हतं.

डॅशबोर्डचं काम आता, काच बाहेर असताना

काच नसताना डॅशबोर्डच्या वरच्या गादीपर्यंत, काचेवर हवा सोडणाऱ्या नळ्यांपर्यंत हात सरळ पोचतो. काच बसवल्यावर हेच काम मनगट सोलून करावं लागतं. म्हणून क्रम पक्का ठेवा : काच काढा, पत्रा दुरुस्त करा, डॅशबोर्ड करा, मगच काच.

बॅटरी पुन्हा सोडवा. प्रत्येक तारेला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा आणि मोबाईलवर फोटो काढा. एक फोटो लांबून, एक जवळून. स्विचची बटणं ओढून निघत नाहीत. बटणाच्या मानेला खालून बारीक भोक असतं, त्यात टाचणी दाबली की आतली खिटी दबते आणि बटण हातात येतं. हे माहीत नसल्याने पक्कडीने तोडलेली बटणं मी मोजणं सोडून दिलंय. मीटर मागून कंसासारख्या पट्टीने आणि हाताने फिरवायच्या नटांनी धरलेलं असतं. परत बसवताना तो नट बोटांनीच आवळा. पान्हा लावलात तर मीटरच्या काचेची कडी वाकते.

मार्क ३ मध्ये मीटर ड्रायव्हरच्या समोर नसून मध्यभागी, विनियर लावलेल्या फळीवर असतात. फळी फुगली असेल तर नवी करणं सोपं आहे, साताऱ्यात चांगले सुतार आहेत. फक्त त्यांना तीन गोष्टी सांगा. साधी प्लायवूड नको, मरीन प्लाय हवी, जिच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. जाडी जुन्या फळीइतकीच, अर्धा मिलिमीटरही जास्त नको, नाहीतर स्विचचा आटा पलीकडे पोचत नाही. आणि पॉलिश फक्त पुढून नाही, तर मागून, कडांना आणि भोकांच्या आतल्या बाजूलाही. लाकूड पाणी पितं ते मागून आणि कडांनी. सुतार म्हणेल, "मागचं कोण बघतंय?" त्याला चहा पाजा, पण मागून दोन हात मारून घ्या. विनियर मूळचं अक्रोडाचं असतं. मी सागाचं लावलं. जाणकार नाक मुरडतात, मला आवडतं.

लाकडी फळीत एक फसवी गोष्ट : लाकडातून अर्थ जात नाही. मीटरातल्या दिव्यांना काळ्या तारेनेच अर्थ मिळतो. ती तार विसरली की दिवे लागत नाहीत, किंवा एक लावला की दुसरा मंद पेटतो. दहातले आठ लोक इथे नवे बल्ब आणतात.

काच बसवणं

रबर तासभर गच्चीवर उन्हात ठेवा, मऊ होतं. आधी ते काचेवर चढवा, जोड खाली मध्यभागी. फ्रेमवर बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी पूर्ण फेर घालून बसवा, दोन्ही टोकं खाली मध्यभागी वीतभर एकमेकांवर चढवून आत लोंबती ठेवा. फ्रेमला आणि रबराला साबणाचं पाणी लावा. ग्रीस नाही, ऑईल नाही, त्याने रबर फुगतं. दोघांनी बाहेरून काच टेकवायची, तिसऱ्याने आतून दोरी काचेला समांतर ओढत जायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. बाहेरच्याने त्याच जागी तळव्याने दाबत राहायचं, गुद्दा मारायचा नाही. कोपऱ्यात अडलं तर जोर लावू नका. काच काढा, परत सुरुवात करा. माझी दुसरी वेळ तिसऱ्या प्रयत्नात जमली, तोवर संध्याकाळ झाली होती आणि मदतीला आलेल्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा संपवला होता. चकचकीत पट्टी सगळ्यात शेवटी आणि सीलंट त्याच्याही आधी, ओठाखाली.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

काच रबरात नसून गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली असेल, तर वरचं काहीही करू नका. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत तसंच असतं. तिथे काच बॉडीच्या मजबुतीचा भाग असते आणि डावीकडची एअरबॅग उघडताना काचेचा आधार घेते. ते काम त्यातल्या माणसाचंच. डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असेल तर तोही खोलू नका.

फ्रेमच्या पत्र्यात पेचकस आरपार गेला, किंवा काचेच्या बाजूचा खांब दाबल्यावर दबतो, तर ते डेंटरचं काम आहे. त्यातही पत्रा कापून वेल्डिंग करणारा डेंटर शोधा. पुट्टी भरून रंग मारणारा नको, पुट्टीवर बसवलेली काच पहिल्या खड्ड्यात तडकते.

फ्यूज एकदा उडाला तर बदला. तोच पुन्हा उडाला तर थांबा. मोठा फ्यूज नाही, तांब्याची तार तर नाहीच. डॅशबोर्डमागून जळका वास, तपकिरी तार हाताला गरम, किंवा आधी म्हटलं तसं सगळं वायरिंग एकाच रंगाचं निघालं, तर बॅटरी सोडवून वायरिंगवाल्याकडे गाडी टो करून न्या. चालवत नाही.

आणि गाडी पुरात बुडाली असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या मित्राची हेराल्ड सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. त्याने पाणी ओसरल्यावर उत्साहाने किल्ली फिरवली. काचेची गळती आम्ही नंतर काढली, पण त्याआधी पूर्ण वायरिंग नवं करावं लागलं आणि ते काम मी केलं नाही, करूही शकलो नसतो.

काम झाल्यावर कार्पेट लगेच टाकू नका. दोन पाऊस वर्तमानपत्रावर काढा. कासच्या रस्त्याला जुलैमध्ये जो आडवा पाऊस लागतो तो तांब्याने घालता येत नाही, म्हणून मी एकदा वर जाऊन येतो, मग कागद उचलून बघतो. कोरडा असेल तर कार्पेट. ओला असेल तर ज्या कागदावर डाग आहे त्यावर तारीख लिहून ठेवतो, आणि त्याच्या वरच्या जागेपासून पुन्हा तांब्या. रबरं मागवायची असतील तर जानेवारीत मागवा. मे महिन्यात मागवलेली माझी जुलैमध्ये आली होती, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली होती.